तोंड कोणत्या दिशेला? शेजारच्या चर्चमधून एक धडा

पोप लिओ यांची निवड झाली, तेव्हा मे २०२५ मध्ये आपल्या घरोघरी टीव्हीवर रोमची दृश्ये दिसली. पण आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीत या चर्चची एक निराळी शाखा साठ वर्षांहून अधिक काळ नांदते आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

१९६२ मध्ये या भागाची जबाबदारी केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवण्यात आली आणि १९७७ मध्ये चांदा धर्मप्रांत पूर्ण स्वरूपात आला. त्याचे मुख्य चर्च बल्लारपूरला आहे. चंद्रपूरचे ख्राइस्ट हॉस्पिटल याच धर्मप्रांताचे. हे लोक पोपना मानतात, मात्र त्यांची उपासना-पद्धती रोमची नाही, पूर्वेकडची आहे. हजरत ईसा (अ.स.) यांचे शिष्य थॉमस केरळात आले, अशी त्यांची परंपरा सांगते. याच परंपरेतले ऑर्थोडॉक्स लोक मात्र पोपना प्रमुख मानत नाहीत. नागपूरजवळ त्यांची धर्मगुरू घडवणारी सेमिनरी आहे.

या दोन्ही चर्चची जुनी धर्मभाषा सिरियाक. ती अरबीची बहीणच. त्यांच्या मुख्य उपासनेचे नाव ‘कुर्बाना’, शांतीसाठी शब्द ‘श्लामा’, उपवासासाठी ‘सौमा’ आणि परमेश्वरासाठी ‘अलाहा’. कुर्बानी, सलाम आणि सौम म्हणणाऱ्या आपल्या कानांना हे शब्द परके कसे वाटतील? हजरत यूनुस (अ.स.) ज्या निनवेच्या लोकांकडे पाठवले गेले, त्या लोकांच्या तौबेची आठवण म्हणून हे ख्रिस्ती आजही तीन दिवसांचा उपवास पाळतात.

हजरत ईसा (अ.स.) अल्लाहचे बंदे व पैगंबर आहेत, हा आपला अकीदा आहे आणि इथे आपला व त्यांचा मार्ग वेगळा होतो. तो फरक झाकण्याचे कारण नाही. पण सूरह मायदामध्ये (आयत ८२) ख्रिस्ती धर्मगुरू व संन्याशांचा उल्लेख ते घमेंड करीत नाहीत असा आला आहे, हेही विसरण्याचे कारण नाही.

आता थोडे अलीकडच्या घडामोडींकडे वळू. कुर्बानाच्या वेळी धर्मगुरूने लोकांकडे तोंड करावे की वेदीकडे, यावर सिरो-मलबार चर्चमध्ये मोठा वाद पेटला. २०२१ मध्ये बिशपांच्या सभेने मधला मार्ग ठरवला: सुरुवात व शेवट लोकांकडे तोंड करून, मधला मुख्य भाग वेदीकडे. एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांतातील बहुसंख्य धर्मगुरूंनी तो नाकारला. वाद इतका चिघळला की २०२२ च्या अखेरीस तिथल्या मुख्य चर्चला कुलूप लागले. शेवटी २०२५ मध्ये तडजोड झाली: रविवारी प्रत्येक चर्चमध्ये निदान एक कुर्बाना ठरलेल्या नव्या रीतीने होईल, बाकीचे जुन्या रीतीने चालू शकतील. दुसरीकडे केरळच्या ऑर्थोडॉक्स व जेकोबाइट गटांत चर्च कोणाच्या ताब्यात, याचा झगडा पिढ्यानपिढ्या चालू आहे. ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑर्थोडॉक्स गटाच्या बाजूने निकाल दिला, तरी मने जुळली नाहीत.

हे वाचून ‘त्यांच्यात असेच चालते’ असे म्हणण्याचा मोह होईल. बंधूंनो, भगिनींनो, आपण आधी आपल्या मोहल्ल्याकडे पाहू. आमीन मोठ्याने की मनात, तरावीह आठ की वीस, चाँद कोणाच्या साक्षीचा, विश्वस्त मंडळ कोणाचे: या प्रश्नांवरून भाऊ भावाशी बोलेनासा झालेला आपण पाहिला नाही काय? मस्जिदीचा वाद कोर्टात गेल्याचे ऐकले नाही काय?

आपला किब्ला निश्चित आहे, त्यात वाद नाही. तरीही सूरह बकरात (आयत १७७) बजावले आहे की केवळ पूर्वेकडे वा पश्चिमेकडे तोंड फिरवणे म्हणजे नेकी नव्हे. त्याच आयतीत ईमानासोबत अनाथ, गरजू आणि वाटसरू यांच्यावर खर्च करणे, नमाज, जकात, दिलेला शब्द पाळणे आणि संकटात सब्र करणे यांची गणती आहे. दिशा योग्य असूनही शेजाऱ्याकडे आणि भावाकडे पाठ फिरवली, तर आपल्या नेकीत काय उरले?

शेजारच्या घरातील भांडण तमाशासाठी नसते, इबरतीसाठी असते. मतभेद राहतील, विद्वानांनी ते दलीलीने मांडावेत. पण त्यापायी अल्लाहच्या घराला कुलूप लागू नये आणि मुलांनी मस्जिदीत पहिला धडा भांडणाचा घेऊ नये, एवढी काळजी आपण घरातूनच घेऊ शकतो. अल्लाह आपल्याला त्याची तौफीक देवो. आमीन.