नैराश्यावर उपचार घेतले असतील तर पायलट होता येते का?

नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून पनवेल, उरण, अलिबागकडची अनेक मुले पायलट होण्याचे स्वप्न पाहतात. अशा घरांतून एक प्रश्न हमखास येतो: "बारावीत असताना नैराश्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. आता हे सांगायचे की लपवायचे?"

थोडक्यात उत्तर: सांगायचे. आणि गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

तपासणीत काय पाहतात?

पायलट प्रशिक्षणासाठी आधी क्लास २ आणि व्यावसायिक परवान्यासाठी क्लास १ वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ही तपासणी डीजीसीएने मान्यता दिलेले डॉक्टर व केंद्रे करतात. अर्जात पूर्वीचे आजार आणि औषधे विचारली जातात व माहिती खरी असल्याची सही घेतली जाते.

डॉक्टर केवळ आजाराचे नाव पाहत नाहीत. त्रास किती तीव्र होता, किती काळ टिकला, पुन्हा उद्भवला का, आत्महत्येचा प्रयत्न झाला होता का आणि सध्या औषध चालू आहे का, हे सगळे विचारात घेतात. एखाद्या दुःखद घटनेनंतर आलेले व पूर्ण बरे झालेले नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार किंवा व्यसन यांना एकच माप लावले जात नाही. या दुसऱ्या गटात नियम फार कडक आहेत.

लपवले तर?

२४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचे विमान फ्रान्समधील आल्प्स पर्वतात सहवैमानिकाने मुद्दाम पाडले. १५० जण मरण पावले. डॉक्टरांनी त्याला कामासाठी अयोग्य ठरवले होते, पण ते त्याने कंपनीला कळू दिले नव्हते. त्यानंतर वैमानिकांनी त्रास न घाबरता सांगावा, यासाठी सहकारी-आधाराची व्यवस्था अनेक देशांत उभी राहिली. अमेरिकेत तर २०१० पासूनच काही ठरावीक नैराश्यविरोधी औषधे घेणाऱ्या, प्रकृती स्थिर असलेल्या वैमानिकांचा प्रत्येकी स्वतंत्र विचार केला जातो.

तपासणीसाठी गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होऊ शकते आणि आजार उलटू शकतो. मग आरोग्यही जाते आणि संधीही.

तुम्ही काय करावे?

• प्रशिक्षणाचे लाखो रुपये भरण्याआधी क्लास २ आणि शक्य असल्यास क्लास १ तपासणी करून घ्या.
• मानसोपचारतज्ज्ञांकडून निदान, औषधे, उपचारांचा काळ आणि सध्याची स्थिती लेखी घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार तुमच्या नोंदी मिळवण्याचा आणि त्या गोपनीय राहण्याचा तुम्हाला हक्क आहे.
• औषध कमी करायचे असेल तर ते डॉक्टरच ठरवतील.

पालकांनो, "पुढे अडचण येईल" म्हणून मुलाचे उपचार टाळू नका. उपचारांविना वाढलेला आजार परवान्याच्या वाटेत जास्त आडवा येतो. त्रास असेल तर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही बोला. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर आजच बोला, थांबू नका.