युद्धकालीन पोवाडा व त्याचा शेवटचा चौक

पोवाडा हें मुख्यत्वें युद्धकाळीं जन्मलेलें वाङ्मय होय. लढाईची वार्ता रयतेस डफाच्या साथीवर ऐकावयास मिळे. त्यामुळें मागाहून लिहिणाऱ्या बखरकारापेक्षां शाहीर कित्येकदां प्रसंगास अधिक जवळ असतो. तथापि तो कोणापुढें व केव्हां गात होता, हें ठरल्यावांचून त्याचें कवन प्रमाण मानतां येत नाहीं.

अफजलखानाचा वध ता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं झाला. त्यावरील अगिनदासाच्या (कांहींच्या मतें अज्ञानदासाच्या) पोवाड्याच्या अखेरीस शाहिरास घोडा व शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचें सांगितलें आहे. कर्त्याचें नांव, आश्रय व श्रोतृवर्ग यांचा पत्ता अशा अखेरच्या चौकांतच लागतो. आणि बाडाचें शेवटचें पान फाटलें कीं नेमका तोच जातो.

कवठे महांकाळच्या शेजारचें तासगांव हें परशुरामभाऊ पटवर्धनांचें ठाणें. खर्ड्याच्या लढाईंत (११ मार्च १७९५) पेशव्यांच्या फौजेचें आधिपत्य भाऊंकडे होतें. या लढाईवर संगमनेरच्या अनंत फंदीनें पोवाडा रचला. सवाई माधवराव त्याच वर्षीं आक्टोबरांत निवर्तले. म्हणून खर्ड्यावरील कोणतेंही कवन हातीं आल्यास त्यांत श्रीमंत हयात आहेत कीं दिवंगत, हें आधीं पाहावें. विजयाच्या भरांतील रचना व मागाहूनची रचना यांतील भेद तेथेंच कळतो.

हीच कसोटी अलीकडील रचनांसही लागू पडते. वाळवें तालुक्यांतील वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे यांनीं दुसऱ्या महायुद्धांत स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. ते त्या रणांत नव्हते, मुंबईच्या कामगारांत होते. म्हणून त्यांचें कवन तेथील लढाईपेक्षां येथील श्रोत्यांच्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून अधिक मोलाचें आहे.

१८९१ सालीं अ‍ॅकवर्थ व शाळिग्राम यांनीं पोवाड्यांचा संग्रह छापला, तरी तेवढ्यानें कार्य संपलें नाहीं. कवठे महांकाळ, जत व मिरज या बाजूस कोणाच्या घरीं शाहिरी बाडें असल्यास त्यांची नक्कल जशीच्या तशी करावी. लेखनांतील अशुद्धें सुधारूं नयेत, बाडाचें गांव नोंदावें, आणि शेवटचा चौक त्रुटित असला तरी उरलीं असतील तेवढीं अक्षरें उतरून घ्यावीं, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे.