विश्लेषण : बर्ड फ्लूचा माग विषाणूच्या जनुकांतून कसा काढतात?

दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर ऑक्टोबर २०२३ मध्ये तपकिरी स्कुआ हे समुद्री पक्षी मरू लागले. नमुने ब्रिटनला पाठवल्यावर एच५एन१चे निदान झाले. अंटार्क्टिक प्रदेशात हा विषाणू प्रथमच आढळला होता. तो आला कुठून, याचे उत्तर त्याच्या जनुकांनी दिले : दक्षिण अमेरिकेतून, स्थलांतरित पक्ष्यांबरोबर.

हे कसे कळते?

या विषाणूची जनुकीय संहिता आठ तुकड्यांत, जेमतेम साडेतेरा हजार अक्षरांची असते. स्वतःच्या प्रती काढताना तो सतत चुका करतो आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते. या चुका पुढच्या पिढ्यांत उतरतात. दोन पक्ष्यांतील विषाणूंत अशा समान चुका जितक्या जास्त, तितके त्यांचे नाते जवळचे. चुका साधारण ठरावीक गतीने साचत असल्याने दोन शाखा कधी वेगळ्या झाल्या, याचाही अंदाज बांधता येतो. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेले ‘जिनोम सिक्वेन्सिंग’ ते हेच.

अर्जेंटिनात काय आढळले?

वाल्देस द्वीपकल्पावर २०२३ मध्ये हत्तीसीलची १७ हजारांहून अधिक पिल्ले दगावली. प्रत्येक सीलला पक्ष्याकडूनच लागण झाली असती, तर त्यांच्यातील विषाणू पक्ष्यांच्या वेगवेगळ्या शाखांत विखुरलेले दिसले असते. प्रत्यक्षात पेरू, चिली आणि अर्जेंटिनातील सागरी सस्तन प्राण्यांतील विषाणूंची वेगळीच शाखा निघाली. तिच्या ‘पीबी२’ जनुकात दोन बदल होते, जे विषाणूला सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढायला मदत करतात. म्हणजे लागण सीलकडून सीलला होत असावी. काळजीची बाब पुढे आहे. हीच शाखा तेथील सुरय पक्ष्यांतही सापडली आणि सुरय दूरवर उडतात.

मर्यादा कोणत्या?

नमुनेच नसतील तर वंशवृक्षात पोकळी राहते. कॅनडातील न्यूफाउंडलँड येथे २०२१च्या अखेरीस सापडलेला विषाणू वायव्य युरोपातील विषाणूशी जुळला. पण अटलांटिक कोणत्या वाटेने ओलांडला, याच्या शक्यता अनेक होत्या. आइसलँडमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळालेल्या एका समुद्री गरुडाचा नमुना मागाहून तपासण्यात आला. त्यातील विषाणू कॅनडातल्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला आणि आइसलँडमार्गे प्रवासाच्या शक्यतेला बळ मिळाले.