'काहीही करा' म्हणजे नक्की काय? : इम्प्रोव्ह आणि ऑटिझम

हेडफोन नसतील तर वाचा, तेच आहे. आजचा प्रश्न: अभिनयाच्या क्लासमधलं इम्प्रोव्ह ऑटिस्टिक माणसाला जमतं का? मी स्वतः ऑटिस्टिक आहे, नाटकवेडी आहे. माझं उत्तर: जमतं. पण सूचना कशी दिली, यावर बरंच ठरतं.

इम्प्रोव्हमध्ये संहिता नसते. समोरचा जे बोलेल ते मान्य करायचं आणि त्यात भर घालायची. याला 'येस, अँड' म्हणतात. तो म्हणाला, "डॉक्टर, गुडघा दुखतोय," की तुम्ही डॉक्टर. "मी कुठे डॉक्टर?" म्हणालात की सीन तिथेच बसला.

आता गंमत बघा. सर सांगतात, "नियम नाहीत, मनाला येईल ते करा." पण नियम असतातच! कधी बोलायचं, कधी थांबायचं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून सीन कुठे चाललाय ते ओळखायचं. बाकीच्यांना हे आपोआप कळतं, असं गृहीत धरलेलं असतं. मला कळत नाही. त्यात दहा जण एकदम बोलतायत, टाळ्या वाजतायत. माझी पाळी आली की डोकं कोरं. मग शेरा मिळतो, "तू मोकळी होत नाहीस."

दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये ताईंनी सांगितलं, "दोघी बस स्टॉपवर. हिला बस पकडायचीये, तुला हिला थांबवायचंय. तीन मिनिटं." बस्स! मी अशी काही भांडले की ताईंना हसू आवरेना. मी तीच होते. सूचना बदलली होती.

हे लाड नाहीत हं. इम्प्रोव्हची मुळंच अशी आहेत. व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत, वेगवेगळ्या भाषा-संस्कृतींमधून आलेल्या मुलांनाही खेळता यावेत असे नाट्यखेळ रचले. 1963 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या खेळात लक्ष कशावर ठेवायचं, ते आधीच ठरलेलं असतं. त्या चौकटीत उत्स्फूर्तपणा येतो.

दुसरा मुद्दा. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने 2012 मध्ये 'डबल एम्पथी प्रॉब्लेम' मांडला. ऑटिस्टिक आणि इतर माणसं एकमेकांना समजत नाहीत, तेव्हा अडचण दोन्ही बाजूंनी असते. म्हणजे सीन पडला तर दोष एकटीचा नाही.

आणि आमच्यातल्या अनेकांचा अख्खा दिवसच इम्प्रोव्ह असतो. चेहरा कसा ठेवायचा, हसायचं कधी. याला मास्किंग म्हणतात आणि ते भयंकर दमवतं. क्लासमध्येही 'चारचौघांसारखी वाग' हेच ध्येय असेल, तर ती ओव्हरटाइमच झाली की!

शिकवणाऱ्यांनो, एवढंच करा: खेळाचा नियम फळ्यावर लिहा. वेळ सांगा. 'पास' म्हणायची मुभा द्या. डोळ्यांत बघायची सक्ती नको, न विचारता स्पर्श नको. लाजरी मुलंही यामुळे खुलतात.

आणि "तुला अभिनय येत नाही" असं ऐकून तुम्ही क्लास सोडला असेल, तर एकदा आठवून बघा: तेव्हा नियम कुणी सांगितला होता का?

भेटू पुढच्या भागात!