फुकटच्या कामाची किंमत कोण मोजतो?

उपयोजित कलेची पदविका हाती पडते, घरातल्या पुढच्या खोलीत कर्जाऊ पैशांचा संगणक येतो, दारावर ‘ग्राफिक डिझाइन’ अशी पाटी लागते आणि पहिले गिऱ्हाईक म्हणून आळीतल्या गणेश मंडळाचे कार्यकर्ते दारात उभे राहतात. अहवालाचे मुखपृष्ठ, पावतीपुस्तक, कमानीवरचा फलक एवढे सारे त्यांना चार दिवसांत हवे असते. पैशांचा विषय निघालाच, तर “अरे, हजार घरांत तुझे नाव जाईल, आणखी काय हवे?” हे उत्तर तयार असते. पुढच्या आठवड्यात मामांच्या नव्या दुकानाचे बोधचिन्ह येते. आणि मामांकडे पैसे मागायचे कसे? नवोदित डिझाइनरच्या व्यवसायाचा श्रीगणेशा पुष्कळदा असा होतो. हा जाहिरातीचा स्वस्त मार्ग आहे, अशी त्याचीही समजूत असते. ती कितपत खरी आहे?

या मार्गाच्या बाजूने जे म्हणता येईल, ते आधी म्हटले पाहिजे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग मांडले : खरेदीपूर्वी पारखता येणाऱ्या आणि वापरल्यानंतरच ज्यांचा गुण कळतो अशा. बोधचिन्ह किंवा मुखपृष्ठ दुसऱ्या वर्गात मोडते. अनोळखी हाती काम सोपविताना गिऱ्हाईक कचरते ते याचमुळे. पहिले काम विनामूल्य करून देणारा हा धोका स्वतःच्या अंगावर घेतो. आपल्या धान्यबाजारात हेच तत्त्व वानगीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

पण वानगीचेही काही नियम असतात. ती मूठभर असते, ती त्याच पोत्यातली असते आणि ज्याला माल घ्यायचा आहे त्यालाच ती दाखवितात. मंडळाला दिलेले फुकट काम हे तिन्ही नियम मोडते. तेथे सबंध पोतेच उचलून दिले जाते. चार दिवसांच्या घाईत उरकलेले काम हा कसबाचा खरा नमुना नसतो. आणि ज्यांना पुढल्या वर्षीही पैसे द्यायचे नाहीत, त्यांना गिऱ्हाईक म्हणणे हाच मुळात भ्रम होय.

या व्यवहाराचा खर्च दिसत नाही, म्हणून तो नसतो असे नाही. समजा, खोलीचे भाडे, वीज, कर्जाचा हप्ता आणि संगणक-प्रणालीची वर्गणी मिळून महिन्याला १५,००० रुपये लागतात आणि कामाचे दिवस २५ आहेत. सर्व दिवस मोबदल्याचे असले, तर प्रत्येक दिवसावर ६०० रुपयांचा भार पडतो. त्यांतले १० दिवस फुकट गेले, की उरलेल्या १५ दिवसांवर तोच भार दिवसाला १,००० रुपये होतो. तो एक तर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या माथी बसतो, नाही तर वडिलांच्या निवृत्तिवेतनातून भागविला जातो. डिझाइनरच्या स्वतःच्या श्रमाचे मोल या हिशेबात अद्याप धरलेलेच नाही.

शिवाय किंमत ही स्वतःच एक माहिती असते. ज्या कामाचे काल शून्य रुपये पडले, त्याचे आज ५,००० का, हा प्रश्न मग मामांनाच नव्हे, तर मामांनी पाठविलेल्या प्रत्येकाला पडतो. फुकट कामाची शिफारस बहुधा दुसरे फुकट गिऱ्हाईकच घेऊन येते.

याहून गंभीर बाब सामाजिक न्यायाची आहे. वर्ष-दोन वर्षे विनामूल्य राबणे ज्याच्या घरी परवडते, तोच टिकून राहतो. शेतमजुराच्या किंवा गिरणी कामगाराच्या मुलीला पहिल्या महिन्यापासून घरी पैसे द्यावे लागतात. फुकट काम हीच धंद्यात शिरण्याची अट ठरली, तर निवड गुणांची न होता ऐपतीची होते. पदविकेपर्यंत शिष्यवृत्तीने उघडलेले दार बाजार पुन्हा लावून घेतो.

विनामूल्य कामाने कीर्ती मिळाल्याचे दाखले दिले जातात. न्यूयॉर्क राज्यासाठी मिल्टन ग्लेझर यांनी १९७७ मध्ये केलेले, हृदयाचे चित्र असलेले बोधचिन्ह जगभर पोहोचले, आणि त्याचे त्यांनी मानधन घेतले नव्हते. परंतु पुश पिन स्टुडिओचे हे एक संस्थापक तेव्हा दोन दशकांहून अधिक काळ या व्यवसायात होते. ती नामवंताने आपल्या शहराला दिलेली देणगी होती. नवख्याने ओळखीसाठी भरलेली पट्टी नव्हे. स्पर्धांचेही तसेच. रुपयाच्या चिन्हासाठी केंद्र सरकारने घेतलेल्या स्पर्धेत २०१० मध्ये उदय कुमार यांचे चिन्ह निवडले गेले. प्रवेशिका मात्र तीन हजारांहून अधिक होत्या. एकाचे नाव झाले. इतरांच्या श्रमांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मग नवोदिताने विनामूल्य काम करूच नये काय? जरूर करावे, पण वानगीच्या नियमाने. वर्षाला अशी किती कामे घ्यायची हे आधी ठरवावे, आणि संस्था आपण निवडावी : जिथे काम चारचौघांच्या नजरेस पडेल अशी. देयक पूर्ण किमतीचे लिहून खाली सवलत दाखवावी, म्हणजे कामाची किंमत शून्य नव्हती हे कागदावर राहते. दुरुस्त्या किती वेळा, नाव कोठे छापायचे, हेही लेखी असावे. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे मोबदल्याविना केलेला करार काही अपवाद वगळता निरर्थक ठरतो. म्हणजे ‘पुढे बघू’ या शब्दाला आधार नाही. उलट, प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये हक्कांचे हस्तांतरण स्वाक्षरीसह लेखी असावे लागते. हा हक्क वाटाघाटीत उपयोगी पडणारा आहे, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

मंडळांची आणि मामांचीही काही जबाबदारी आहे. मांडववाल्याला आणि छापखान्याला जे पैसे चुकते करतात, त्यांनी मुखपृष्ठ करणाऱ्या हाताला तेवढे वगळण्याचे कारण नाही. निदान पूर्ण रक्कम जमत नसेल तर थोडी तरी द्यावी. वानगीच्या मुठीवर पोत्याचा सौदा ठरतो. पोतेच फुकट नेणाऱ्याने वानगी पाहिली, असे कोणताही आडत्या म्हणणार नाही.