निफाडची रात्र

जुलैच्या मध्यात मुंबईहून भुसावळकडे निघालेल्या गाडीत बसावे. कसाऱ्याच्या घाटात खिडकी उघडता येत नाही. इगतपुरीचा फलाट पावसात आणि धुक्यात बुडालेला असतो. नाशिकरोड मागे पडले की सरीची भुरभुर होते, आणि निफाडला उतरावे तर ढग डोक्यावरून पूर्वेकडे पळत असतात, खाली वावरे मात्र कोरडी. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, निफाडला पाचशेच्या आसपास. शंभर किलोमीटरच्या आत सह्याद्रीने आकाश पिळून घेतलेले असते.

निफाड वाळवंटात नाही. गोदावरी आणि कादवा इथूनच वाहतात आणि नांदूर मध्यमेश्वरला एकमेकींना भेटतात. त्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. पुढे त्याच्या फुगवट्यात गाळ साचत गेला, बेटे आणि पाणवेली वाढल्या, आणि पाहुण्या पक्ष्यांना हक्काची जागा मिळाली. 1986 मध्ये तिथे अभयारण्य झाले, आणि महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र होण्याचा मानही त्याच पाणथळीला मिळाला. पाण्याने एवढे नावाजलेल्या तालुक्याची हवा मात्र कोरड्या मुलखाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. डिसेंबर-जानेवारीत तोच पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. 2018 च्या डिसेंबरअखेरीस तो दोन अंशांच्या आत गेला होता. राजस्थानातल्या चुरूचा उन्हाळा निफाडहून कितीतरी कडक आहे, 2019 च्या जूनमध्ये तिथे 50.8 अंशांची नोंद झाली. पण हिवाळी रात्री ज्या तऱ्हेने गार होतात, ती तऱ्हा दोन्हीकडे एकच.

निफाड समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे मीटरवर आहे. महाबळेश्वर त्याच्या दुपटीहून उंच. तरी बातम्यांत निफाडचा पारा महाबळेश्वरच्या खाली असतो, आणि वाचणाऱ्याला दरवर्षी नवल वाटते. कारण साधे आहे. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच उष्णता सोडू लागते. ढग आणि दमटपणा ही तिची गोधडी, आणि निफाडला हिवाळ्यात ती नसते. गार हवा जड असते, वारा पडला की ती उतारावरून घरंगळते आणि नदीकाठच्या सखल वावरांत साचून राहते. महाबळेश्वरातही दवबिंदू गोठतात ते वेण्णा तलावाच्या सखल काठावर. त्यात उत्तरेकडून गार वारे येऊन गेले की निफाडला दोन-तीन रात्री हाडे गोठवणाऱ्या जातात. त्याच दिवशी दुपारी मात्र अंगातला स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. पहाटे सहा आणि दुपारी अठ्ठावीस, हे इथे नेहमीचेच.

बातमीत येतो तो आकडा बहुतेक वेळा निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातला असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हे केंद्र गव्हासाठी ओळखले जाते. गव्हाला थंडी मानवते: थंडी लांबली तर फुटवे जास्त येतात, दाणा सावकाश आणि टपोरा भरतो. निफाडचे नाव गव्हाच्या वाणांत फार जुने आहे. तांबेऱ्याला तोंड देण्यासाठी केनियाच्या गव्हाशी ‘निफाड 4’ या वाणाचा संकर करून जे वाण काढले, ते ‘केनफाड’ म्हणून ओळखले गेले. पुढे त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, समाधान आणि बन्सी गव्हातला गोदावरी असे वाण इथून शेतकऱ्यांच्या वावरात गेले. थंडीवर एवढे काम केलेले दुसरे गाव महाराष्ट्रात मला माहीत नाही.

पण तालुक्याचे अर्थकारण गव्हावर थांबले नाही. पाट आले, विहिरी झाल्या, मग ठिबक आले. उगाव, शिवडी, पिंपळगाव बसवंत, कसबे सुकेणे हा पट्टा द्राक्षाचा झाला. गव्हाला जी रात्र हवी असते, तीच द्राक्षाला नको असते. ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेल्या बागेत डिसेंबर-जानेवारीत मणी फुगायला हवे असतात. पारा आठ-नऊच्या खाली आला की मुळे सुस्तावतात, फुगवण थांबते. पाणी उतरू लागलेल्या मण्यांना तडे जातात, आणि एका तडकलेल्या मण्यापायी अख्खा घड नासतो. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली की थॉमसन जातीच्या हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते. बागाईतदार त्याला ‘पिंक बेरी’ म्हणतात. चवीत फारसा फरक पडत नाही, पण हिरव्या द्राक्षाच्या निर्यातीत असा घड बाजूला पडतो.

त्यावरचा उपाय बघण्यासारखा आहे. बाया मांडवाखाली ओळीने उभ्या राहतात, हातात रद्दीचे वर्तमानपत्र. पान घडाभोवती गुंडाळायचे, वर देठाशी चिमटून पिन मारायची, की पुढचा घड. हात सतत डोक्याच्या वर, मान मागे. एकरी हजारो घड असतात. काल पाऱ्याची बातमी ज्या पानावर छापून आली, तेच पान आज घडाला बांधले जाते.

कडाक्याच्या रात्री बागाईतदार झोपत नाही. बागेत ठिकठिकाणी पाचट आणि पालापाचोळा पेटवून धूर करतात, पहाटे ठिबक सुरू करतात. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, त्याने मुळांपाशी थोडी ऊब राहते. विजेची पाळी नेमकी त्या वेळी असेल तर. नसेल तर शेकोटीवरच भिस्त. नुकसान झालेच तर हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. पण त्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. ते केंद्र उंचवट्यावर आणि बाग नदीकाठच्या खोलगटात असेल, तर एकाच मंडळात दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो, आणि ज्याचे मणी तडकले त्याच्या हाती काही लागत नाही. थंड हवा सखल भागात साचते हे शाळेच्या पुस्तकातले विज्ञान आहे. विम्याचे केंद्र कुठे उभारायचे हे ठरवताना ते विसरले जाऊ नये.

त्याहून मला जास्त खुपते ते मजुरांचे. छाटणी, विरळणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणे, कागद लावणे या कामांसाठी पेठ, सुरगाण्याकडून आदिवासी कुटुंबे मुकादमामार्फत इकडे येतात. काही बागाईतदार पक्क्या खोल्या देतात. अनेक मजूर मात्र बागेच्या कडेला ताडपत्रीच्या झोपडीत राहतात, लहान मुलांसकट. बागेची शेकोटी घडांसाठी पेटते आणि त्यांचीही रात्र तिच्याच कडेला निघते. सकाळी दवाने ओली झालेली पाने हाताळताना बोटे बधिर होतात, तरी उक्ते काम असल्याने थांबता येत नाही. निर्यातीच्या बागेची आज नोंदणी होते, फवारणीचा हिशोब राहतो, औषधाचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात, खोका कोणत्या बागेतून आला ते परदेशातल्या गिऱ्हाईकाला कळू शकते. एवढी शिस्त बसवलेल्या तालुक्याला चार महिन्यांसाठी भिंती, छप्पर आणि कोरडी जमीन असलेली खोली देणे जड जाऊ नये. कारखाने, बाजार समित्या, ग्रामपंचायती, सगळे इथे आहे. ऑक्टोबरची छाटणी सुरू होण्याआधी हे काम व्हायला हवे.