कबड्डीची साखळी आणि आतड्याची भिंत

वर्गातला एखादा मुलगा पोट दुखते म्हणून वरचेवर घरी जातो. महिनोन्महिने जुलाब होतात, कधी शौचातून रक्त पडते, वजन घटते, उंची वाढत नाही. बीडसारख्या जिल्ह्यात अशा वेळी आधी आठवतात ते जंत, आमांश आणि क्षय. पुष्कळदा तो अंदाज बरोबरही असतो. पण काही मुलांना असतो आतड्याचा दीर्घकालीन दाहविकार. त्याचे मुख्य प्रकार दोन. व्रणयुक्त बृहदांत्रदाह हा मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोनचा विकार पचनमार्गात कोठेही होतो आणि भिंतीत खोलवर जातो.

आपल्या शरीरात जितक्या पेशी, साधारण तितकेच जीवाणूही असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. त्यांना आतल्या ऊतींपासून दूर ठेवणारे अस्तर असते जेमतेम एका पेशीच्या जाडीचे! मग ते टिकते कसे?

कबड्डीतली साखळी आठवा. दहा मुलांना हात धरून उभे करा. मुले म्हणजे पेशी आणि धरलेले हात म्हणजे शेजारच्या पेशींना जोडणारे प्रथिनांचे सांधे. पाणी, क्षार यांना ठरावीक वाट मिळते, जीवाणूला नाही. साखळीपुढे बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. दर चार-पाच दिवसांनी जुन्या पेशी गळतात, नव्या त्यांची जागा घेतात. पण साखळी तुटत नाही.

येथे जनुकांचा संबंध येतो. सांधे, श्लेष्मा आणि जीवाणू ओळखणारी प्रथिने कशी घडवायची, याच्या सूचना जनुकांत असतात. २००१ साली दोन संशोधक गटांनी क्रोनच्या विकाराशी निगडित पहिले जनुक शोधले : नॉड-२. त्याचे प्रथिन जीवाणूच्या भिंतीचा तुकडा ओळखते. हा पहारेकरी चुकला, की आत शिरलेल्यांचा बंदोबस्त वेळेवर होत नाही आणि दाह धुमसत राहतो. २००९ साली बृहदांत्रदाहाशी निगडित आढळलेल्या जनुकांपैकी एक होते पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाचे. आज जनुकसंचातील अशा दोनशेहून अधिक जागा ज्ञात आहेत. युरोपीय रुग्णांत आढळणारे नॉड-२चे तीन प्रमुख बदल भारतीय रुग्णांत मात्र क्वचितच दिसतात. म्हणजे तिकडची जनुकचाचणी इकडे जशीच्या तशी उपयोगी नाही.

मग हा आजार आनुवंशिक म्हणायचा का? एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. तरीही एकाला क्रोनचा विकार असेल, तर दुसऱ्याला तो निम्म्याहून कमी जोड्यांत आढळतो. बृहदांत्रदाहात हे प्रमाण आणखी कमी. जनुके कल ठरवतात, भवितव्य नव्हे. आहार, प्रतिजैविके, धूम्रपान, आतड्यातले जीवाणू यांचाही वाटा असतो. म्हणून ‘रक्तातच दोष आहे’ असे म्हणून कुणाच्या घराण्याला नाव ठेवणे शास्त्राला धरून नाही. हा आजार संसर्गजन्यही नाही.

आपल्याकडची खरी अडचण निदानाची आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा विकार दोन्ही बहुधा लहान व मोठे आतडे मिळते तेथेच व्रण करतात. दुर्बिणीतूनही ते सारखेच भासतात. क्षय असताना दाह दाबणारी औषधे दिली, तर क्षय पसरू शकतो. उलट क्रोनच्या रुग्णाला क्षयाची औषधे देत राहिले, तर मोलाचे महिने जातात. शंका उरलीच, तर डॉक्टर बऱ्याचदा आधी क्षयाचे उपचार देतात आणि काही आठवड्यांनी व्रण भरले का ते पुन्हा तपासतात. याच काळात कुटुंब ऊसतोडणीला गेले आणि औषध वा तपासणी सुटली, तर उत्तर हाती लागत नाही.

येथे शिक्षकाचा उपयोग मोठा आहे. असा विद्यार्थी दिसला, तर पालकांना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयाची वाट दाखवावी. तोडणीला निघताना औषधे व कागदपत्रे सोबत आहेत ना, हे विचारावे. आणि वर्गात त्या मुलाला न विचारता बाहेर जाण्याची मुभा द्यावी. त्याचा आजार चारचौघांत सांगायला लावू नये, एवढे तर आपल्या हाती नक्कीच आहे.